बेसी कोलमन: कापूस वेचणारी पोरगी पायलट कशी झाली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावातल्या अभ्यासिकेत बेसी कोलमनचा फोटो लावलाय, चामड्याची टोपी, कपाळावर गॉगल, आणि तो बघून पोरी विचारतात, त्यांच्या माया विचारतात, कधी पाणी प्यायला थांबलेले कास्तकार भाऊ पण विचारतात. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदा नीट लिहून काढते. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत.

ताई, हे बाई कोण हाय?

बेसी कोलमन. अमेरिकेतली काळी बाई, आणि तिनं १५ जून १९२१ ला फ्रान्समध्ये विमान चालवायचं लायसन्स मिळवलं. आफ्रिकन-अमेरिकन बायकांमध्ये लायसन्स मिळवणारी ती पहिली. तिच्या बापाच्या घराण्यात चेरोकी लोकांचं रक्त होतं, त्यामुळं तिथल्या मूळनिवासी वंशाच्या बायकांमध्ये पण तिलाच पहिली धरतात. लायसन्स मिळालं तेव्हा वय २९, आणि गेली तेव्हा ३४. म्हणजे पायलट म्हणून तिला पाच वर्षंसुद्धा पूर्ण मिळाली नाहीत. या पाच वर्षांत ती एकाच गोष्टीच्या मागं होती, आपल्या लोकांसाठी विमान शिकवायची शाळा काढायची. शो केले ते त्यासाठी, गावोगाव भाषणं दिली ती त्यासाठी, ब्यूटी पार्लर टाकलं ते पण त्यासाठीच. लोक "पहिली, पहिली" एवढंच सांगतात आणि शाळेचं राहून जातं, म्हणून मी सुरुवातीलाच सांगून टाकते.

जन्म कुठला? कोणी अटलांटा म्हणते, कोणी टेक्सास म्हणते.

दोन्ही बरोबर. टेक्सास राज्यात अटलांटा नावाचं एक छोटं गाव आहे, तिथं २६ जानेवारी १८९२ ला. मोठं प्रसिद्ध अटलांटा शहर जॉर्जिया राज्यात आहे, ते वेगळं, इंटरनेटवर कुणीकुणी तिथलाच फोटो टाकून मोकळं होते. ती दोन वर्षांची असताना घरचे वॅक्सहाची या गावी आले आणि तिथंच ती वाढली. काही ठिकाणी जन्मसाल १८९६ दिसेल, कारण तिनं स्वतःच पुढं कागदपत्रांवर वय कमी लिहिलं होतं, अठ्ठाविसाव्या वर्षी बाई विमान शिकायला निघाली म्हटल्यावर लोक काय म्हणतील हे तिला ठाऊक असणारच. तुम्ही १८९२ च धरा.

खरंच कापूस वेचायची का? का गोष्ट रंगवली?

खरंच वेचायची. वॅक्सहाचीच्या आजूबाजूला तेव्हा सगळा कापसाचाच मुलूख होता. घरात १३ लेकरं झाली, त्यातली ही दहावी, आणि वेचणीचे दिवस आले की शाळा बंद. मास्तर सुट्टी द्यायचे नाही तर काय करतील, वर्गात बसायला पोरंच उरायची नाहीत, सगळी वावरात. हे आपल्या यवतमाळ-वर्ध्याकडच्या कुणाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही, दिवाळीच्या आगेमागे कोणती पोट्टी शाळेत येत नाही आणि काहून येत नाही हे प्रत्येक मास्तराला माहीत असते. कंबर वाकवून पऱ्हाटीच्या ओळीतून जायचं, सुकलेल्या बोंडाच्या टोकांनी बोटं खरचटायची, आणि संध्याकाळी काट्यावर वजन.

काट्याची गोष्ट मला फार आवडते. बेसीचं गणित घरात सगळ्यात पक्कं, त्यामुळं घरच्यांनी किती वेचला, किती पैसे निघतात हा हिशोब तिच्याकडं. तिची माय लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती, म्हणून लहानपणापासून ही पोरगीच घरची मुनीम. मुकादमाचं लक्ष नसलं की ती हळूच काट्यावर पाय दाबायची असं पण सांगतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही, काटा मारणारे तिकडं पण होते आणि इकडं पण आहेत.

आणखी एक गोष्ट जाता जाता. तिकडं १८६१ ते १८६५ गुलामीच्या प्रश्नावरून यादवी युद्ध झालं, अमेरिकेचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला, आणि तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांना आपल्या वऱ्हाडच्या कापसाची आठवण झाली. खामगाव, अमरावतीच्या बाजाराला जे दिवस आले ते त्या काळात, आणि १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली त्यामागं कापूस हे मोठं कारण होतं. म्हणजे बेसीच्या आजा-आजीच्या पिढीचं आणि आपल्या खापरपणज्याच्या पिढीचं नशीब एकाच पिकाला बांधलेलं होतं, दोघांना एकमेकांची काही खबर नसताना.

बाप काय करायचा?

मजुरी, वेचणी. त्यानं वॅक्सहाचीत थोडी जागा घेऊन घर पण बांधलं होतं. पण टेक्सासमध्ये काळ्या माणसाला मतदान करायला अडचण, रेल्वेत डबा वेगळा, जमावानं धरून फासावर लटकवायची भीती कायम डोक्यावर. शेवटी १९०१ मध्ये बाप म्हणाला की आपण ओक्लाहोमाकडं मूळनिवासी लोकांच्या मुलखात जाऊ, तिथं तरी माणूस म्हणून जगू. माय तयार झाली नाही. तो एकटा गेला. बेसी तेव्हा ९ वर्षांची. माय गोऱ्यांच्या घरी स्वयंपाकपाणी करायला जायची आणि धाकट्या बहिणी बेसीच्या कडेवर.

शिक्षण किती झालं?

एका खोलीची शाळा, सगळे वर्ग एकत्र, आणि ती घरापासून चार मैल, म्हणजे सहा किलोमीटरच्या वर, चालत जायचं आणि चालत यायचं. आठवीपर्यंत शिकली. वर्षातून एखाददोनदा पुस्तकांची गाडी यायची, तिच्याकडून माय भाड्यानं पुस्तकं घ्यायची. स्वतःला अक्षर ओळखत नाही आणि लेकीसाठी पुस्तकाचं भाडं भरते, ही बाई पण फोटोत पाहिजे होती असं मला नेहमी वाटते.

मग बेसीनं लोकांची धुणी धुऊन, इस्त्री करून पैसे साठवले आणि १९१० मध्ये ओक्लाहोमातल्या लँग्स्टनला काळ्या मुलांसाठी असलेल्या कॉलेजात नाव घातलं. एक सत्र झालं आणि पैसे संपले. परत गावी, परत धुणी. तुमच्यापैकी किती जणींचं असंच झालंय हे मला माहीत आहे, अमरावतीला अ‍ॅडमिशन झाली आणि होस्टेलच्या दुसऱ्या हप्त्याला गाडी अडली. बेसीची पण तिथंच अडली होती, आणि त्यानंतर विमानापर्यंत पोचायला तिला अजून दहा वर्षं लागली.

मग विमानाचं डोक्यात कुठून आलं?

१९१५ मध्ये ती भावाकडं शिकागोला गेली आणि व्हाईट सॉक्स बार्बर शॉप नावाच्या सलूनमध्ये मॅनिक्युअर करायला लागली, म्हणजे गिऱ्हाइकांची नखं नीट करून द्यायची. सलून म्हटलं की गप्पा, आणि पहिल्या महायुद्धातून परत आलेले लोक तिथं बसून फ्रान्समधल्या विमानांच्या गोष्टी सांगायचे. तिचा भाऊ जॉन पण फ्रान्सला लढून आलेला. तो एकदा सगळ्यांसमोर चिडवायला लागला की तिकडच्या फ्रेंच बायका विमान चालवतात, तुमच्या बापाच्यानं जमणार नाही. बेसीनं ते मनावर घेतलं. भावानं डिवचलं म्हणून बाई पायलट झाली एवढंच नाही हां, ती बरीच वर्षं काहीतरी शोधतच होती, त्या दिवशी तिला नाव सापडलं इतकंच.

फ्रान्सलाच काहून गेली? अमेरिकेत शाळा नव्हत्या का?

भरपूर होत्या. एकानंही घेतलं नाही. काळी आणि वरून बाई, दोन कारणं. तेव्हा शिकागोत काळ्या लोकांचं 'शिकागो डिफेंडर' नावाचं मोठं वर्तमानपत्र निघायचं, त्याचे संपादक रॉबर्ट अ‍ॅबट. बेसी त्यांच्याकडं गेली. त्यांनी सांगितलं की फ्रेंच शीक आणि फ्रान्सला जा, तिथं बायकांना शिकवतात आणि रंगाचं एवढं बघत नाहीत. तिनं दिवसा काम करून फ्रेंचचा क्लास लावला, एका हॉटेलचं काम सांभाळून पैसे जमवले, अ‍ॅबट यांनी आणि जेसी बिंगा नावाच्या काळ्या बँकरनं मदत केली असं सांगतात, आणि २० नोव्हेंबर १९२० ला ती बोटीत बसली.

१९२० हे साल आपल्याकडं पण लक्षात ठेवायसारखं आहे. त्याच वर्षी ३१ जानेवारीला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला आणि त्याच वर्षी ते राहिलेलं शिक्षण पुरं करायला परत लंडनला गेले. बंद दारापाशी बसून राहण्यापेक्षा समुद्र ओलांडून शिकून यायचं आणि परत येऊन आपल्या लोकांत काम करायचं, हे दोघांनी एकाच वर्षी केलं. अ‍ॅबट यांच्या पेपरनं बेसीला जगासमोर आणलं. आपल्या लोकांचा स्वतःचा पेपर असला तर काय होऊ शकते याचं हे दुसरं उदाहरण.

तिथं काय शिकवलं? किती दिवस?

उत्तर फ्रान्समध्ये समुद्राकाठी ल क्रोतुआ नावाचं गाव आहे, तिथं कोद्रों बंधूंची विमानशाळा. कोर्स दहा महिन्यांचा होता, तिनं सात महिन्यांत संपवला. विमान न्यूपोर ८२, दोन मजली पंखांचं. कंट्रोल काय तर समोर एक जाडजूड दांडा आणि पायाखाली एक आडवी पट्टी. दांड्यानं नाक वर-खाली आणि विमान डावी-उजवीकडं कलवायचं, पायानं शेपटीचं सुकाणू फिरवायचं. ब्रेक नाही. शिकवणारा पुढं आणि शिकणारी मागं, इंजिनच्या आवाजात तो काय बोलतो ते ऐकू येत नाही, त्यामुळं पुढच्याचा दांडा कसा हलतो तेच बघून शिकायचं. दर उड्डाणाच्या आधी तारा, पंख, सगळं हातानं तपासायचं कारण ती विमानं हवेत असतानाच मोडायची. तिच्या डोळ्यांदेखत तिथला एक शिकाऊ मेला. ती थांबली नाही.

आणि हे बघा, जगातली पहिली लायसन्सवाली पायलट बाई म्हणजे फ्रान्सची रेमोंद द लारोश, तिला ८ मार्च १९१० ला लायसन्स मिळालं होतं, आणि ती १९१९ मध्ये याच ल क्रोतुआच्या मैदानावर अपघातात गेली. पुढच्याच वर्षी बेसी तिथं शिकायला पोचली. म्हणून "जगातली पहिली महिला पायलट बेसी" असा मेसेज फिरतो तो चूक आहे, पुढं पाठवू नका. तिच्या खऱ्या कामात काही कमी नाही, वाढवून सांगायची गरज नाही.

हे एअर शो म्हणजे काय असते?

आपल्याकडं जत्रेत मौत का कुआँ असतो ना, मोटारसायकलवाला भिंतीवर गरगर फिरतो आणि आपण वरून श्वास रोखून बघतो, तसंच, फक्त आभाळात. महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याकडची विमानं स्वस्तात विकायला निघाली, पायलट रिकामे झाले, मग ते गावोगाव मैदानात शो करायचे. गोल कोलांटी, आठचा आकडा, जमिनीपर्यंत सूर मारून परत वर. शो झाला की पैसे देणाऱ्याला एक चक्कर. काळ्या बाईला विमान कंपनीत नोकरी तर कोणी देणार नव्हतंच, म्हणून पैसा कमवायचा हाच एक रस्ता.

पण असे खेळ करायला आणखी ट्रेनिंग लागते आणि ते पण अमेरिकेत कोणी देईना, म्हणून १९२२ मध्ये परत युरोप. फ्रान्स, हॉलंड, जर्मनी. हॉलंडमध्ये विमानं बनवणाऱ्या अँथनी फोकरला भेटली. परत आल्यावर ३ सप्टेंबर १९२२ ला न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर पहिला शो झाला, महायुद्धात लढलेल्या काळ्या सैनिकांच्या ३६९ व्या पलटणीच्या सन्मानार्थ, आणि ऑक्टोबरमध्ये शिकागोला, आपल्या माणसांसमोर.

ते विमान कापडाचं होतं म्हणतात, खरं का?

हो. ती पुढं कर्टिस जेनी नावाचं विमान चालवायची, लाकडी सांगाडा, त्यावर ताणून कापड, आणि कापडावर लाखेसारखा लेप, तो वाळला की कापड कडक होते. इंजिन ९० हॉर्सपॉवरचं, म्हणजे आजच्या साध्या कारएवढं. वेग फार तर ताशी १२० किलोमीटर. आधी विमानाला जवसाच्या धाग्याचं लिनन लावायचे, महायुद्धात ते कमी पडलं तेव्हा अमेरिकेत चांगल्या प्रतीचं सुती कापड लावायला लागले. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ नुसती बसून राहिले.

गेटची गोष्ट सांगा ना.

ही गोष्ट मी सगळ्यात जास्त वेळा सांगितली आहे आणि अजून सांगेन.

१९२५ मध्ये ती टेक्सासला परत आली. १९ जूनला ह्यूस्टनला शो झाला, ती तारीख तिथले काळे लोक गुलामीतून सुटकेचा दिवस म्हणून पाळतात. मग वॅक्सहाची. तिचं गाव, जिथं ती वेचणीला जायची. तिथं आयोजकांनी नेहमीसारखी दोन गेटं ठेवलेली, गोऱ्यांना वेगळं, काळ्यांना वेगळं. बेसीनं सांगून टाकलं की सगळे एकाच गेटनं आत येणार असतील तरच मी विमानात बसते, नाही तर नाही. तिकिटं विकून झालेली, लोक जमलेले, आयोजकांना मानावं लागलं. गेट एक झालं. आत गेल्यावर बसायच्या जागा मात्र वेगळ्याच राहिल्या, हे पण सांगितलं पाहिजे. तिच्या हातात जेवढं होतं तेवढं तिनं वाकवलं.

१९२५ मध्ये हे, आणि २० मार्च १९२७ ला महाडचं चवदार तळं. आपल्या भागात ज्यांच्या आजीनं विहिरीपासून लांब उभं राहून कोणीतरी वरून पाणी ओतायची वाट बघितली आहे, त्यांना एका गेटचं मोल समजावून सांगायला लागत नाही. पोरींना ही गोष्ट सांगितली की त्या विमानाचं विसरून गेटचंच विचारत बसतात, आणि मला ते बरोबर वाटते.

सिनेमात पण होती म्हणे?

होणार होती. सिनेमा मिळाला म्हणून खूश पण झाली होती, शाळेसाठी पैसे येतील म्हणून. पण पहिल्याच सीनमध्ये तिला फाटके कपडे, हातात काठी, पाठीवर गाठोडं असं दाखवणार होते. काळी बाई खेड्यातून आली म्हणजे अशीच दिसणार, हे गोऱ्यांच्या डोक्यातलं चित्र. ती उठून चालती झाली. पैशाची इतकी गरज असताना. काही लोकांनी तिला नखरेल म्हटलं, काम मिळवून देणारे दूर गेले, तिचं नुकसान झालं. मी तिच्या बाजूनं आहे.

अपघात किती झाले?

मोठे दोन. पहिला २२ फेब्रुवारी १९२३ ला लॉस एंजलिसजवळ. नुकतंच घेतलेलं जुनं जेनी, उडाल्यावर थोड्याच उंचीवर इंजिन बंद पडलं आणि विमान नाकावर आदळलं. पाय मोडला, बरगड्या मोडल्या. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरला म्हणे की कसंतरी बांधून द्या, तिकडं लोक वाट बघून राहिले. पाय बरा व्हायला कित्येक महिने गेले, हाती पैसे नाहीत, विमान नाही, आणि परत उभं राहायला जवळपास दोन वर्षं गेली. या दोन वर्षांबद्दल कोणी फारसं लिहीत नाही.

आणि दुसऱ्यात गेली?

हो. ३० एप्रिल १९२६, सकाळ, फ्लोरिडातलं जॅक्सनविल. दुसऱ्या दिवशी शो होता आणि त्यात ती पॅराशूटनं उडी घेणार होती. म्हणून आदल्या दिवशी वरून जागा बघायला गेली. विमान तिचा मेकॅनिक विल्यम विल्स चालवत होता, वय २४, आणि तो ते टेक्सासहून उडवत घेऊन आला होता तेव्हाच वाटेत इंजिन बिघडून उतरावं लागलं होतं. बेसीनं पट्टा लावला नव्हता, कारण उंची कमी आणि कडेवरून वाकून खाली मैदान बघायचं होतं. अचानक विमानानं वेग घेतला, सूर मारला, उलटं झालं, आणि ती बाहेर फेकली गेली. विल्सनं शेवटपर्यंत सावरायचा प्रयत्न केला, तो पण विमानासोबत गेला.

कोणी मुद्दाम केलं का, असं विचारणारे तेव्हाही होते. पण अवशेषांत जे सापडलं ते असं, एक सुटा पाना कंट्रोलच्या यंत्रणेत जाऊन अडकला होता. कुणीतरी कामानंतर उचलायचा राहिला असेल. जुनं विमान स्वस्तात घ्यावं लागलं, तेवढीच ऐपत होती, या गोष्टीनं मला पान्यापेक्षा जास्त त्रास होतो.

अंत्यविधी तीन ठिकाणी झाले, जॅक्सनविल, ऑर्लँडो आणि शिकागो. शिकागोला जवळपास १०,००० लोक आले आणि तिथं पुढं होत्या आयडा बी. वेल्स, लिंचिंगच्या, म्हणजे जमावानं माणूस धरून मारायच्या, विरोधात आयुष्यभर लिहिणाऱ्या पत्रकार.

मग शाळा राहूनच गेली का?

तिच्या हातून राहिली. पण १९२९ मध्ये विल्यम पॉवेल नावाच्या माणसानं लॉस एंजलिसला बेसी कोलमन एरो क्लब सुरू केला, काळ्या मुला-मुलींना विमान शिकवायला. शिकागोत कॉर्नेलियस कॉफी आणि जॉन रॉबिन्सन यांनी पायलटांची संघटना उभी केली आणि १९३१ पासून काळे पायलट तिच्या कबरीवरून विमानं नेऊन वरून फुलं टाकायला लागले. कॉफीसोबत विला ब्राउन नावाची बाई होती, १९३८ मध्ये तिला अमेरिकेतच लायसन्स मिळालं, समुद्र ओलांडायची गरज पडली नाही. या दोघांनी शिकागोत विमानशाळा काढली आणि तिथं शिकलेले कितीतरी पोरं पुढं दुसऱ्या महायुद्धात टस्कीगी एअरमन म्हणून लढले, अमेरिकन सैन्यातले पहिले काळे लढाऊ वैमानिक ते हेच.

बाकी मानसन्मान पण झाले, १९९५ मध्ये टपाल तिकीट, २०२३ मध्ये अमेरिकेच्या पाव डॉलरच्या नाण्यावर तिचं चित्र. १९९२ मध्ये मे जेमिसन ही पहिली काळी महिला अंतराळवीर वर गेली तेव्हा बेसीचा फोटो सोबत घेऊन गेली.

अमेलिया इअरहार्टचं नाव सगळ्यांना माहीत, हिचं काहून नाही?

अमेलियाला लायसन्स १९२३ मध्ये मिळालं, बेसीनंतर दोन वर्षांनी. अमेलियानं १९३२ मध्ये एकटीनं अटलांटिक ओलांडला, ती मोठीच होती, तिला छोटं करायचं काही कारण नाही. पण मोठे पेपर, प्रकाशक, स्पॉन्सर हे सगळं अमेलियाच्या पाठीशी होतं आणि बेसीची बातमी बहुतेक काळ्या लोकांच्या पेपरांतच छापून यायची. जॅक्सनविलच्या अपघातात तर काही गोऱ्या पेपरांनी विल्सबद्दल सविस्तर लिहिलं आणि हिला दोन ओळींत उरकलं.

आपल्या देशात पहिली कोण?

बहुतेक ठिकाणी नाव येते ते सरला ठकराल यांचं, १९३६, लाहोर, वय २१, साडी नेसून जिप्सी मॉथ विमान एकटीनं उडवलं. प्रेम माथूर या १९४० च्या दशकाच्या शेवटी डेक्कन एअरवेजमध्ये प्रवासी विमानाच्या पायलट झाल्या. आणि आपल्या मराठी सौदामिनी देशमुख, १९८५ मध्ये सगळा क्रू बायकांचाच असलेलं फोकर विमान त्यांनी कलकत्त्याहून सिलचरला नेलं. हो, तोच फोकर ज्याला बेसी भेटली होती, त्याच्याच कंपनीचं विमान. आज भारतात पायलटांमध्ये बायका १५ टक्क्यांच्या आसपास आहेत, जगाच्या सरासरीच्या जवळपास तिप्पट. हे सांगितलं की लोक विश्वास ठेवत नाहीत.

२६ जानेवारीले शाळेत भाषण आहे, तिच्यावर करू का?

कर ना बाई, तिचा वाढदिवसच आहे त्या दिवशी. पण तीन मिनिटांत जन्मापासून मरणापर्यंत सगळं कोंबू नको, सन-सनावळ्या ऐकून मागच्या रांगेतले पोट्टे झोपतात. एकच गोष्ट घे. काट्याची घे नाही तर गेटची घे, ती नीट सांग. आणि "अबला असूनही" वगैरे म्हणू नको.

माझ्या पोरीला पायलट व्हायचं म्हणते, आमची पाच एकर कोरडवाहू. खरं खरं सांगा.

खरं खरं सांगते. कमर्शियल लायसन्सला १८ वर्षं पूर्ण लागतात, २०० तासांचं उड्डाण लागते, डीजीसीए, म्हणजे विमानांचे नियम बघणारं सरकारी खातं, त्याच्या लेखी परीक्षा, आणि आत्तापर्यंतच्या नियमानं बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स पाहिजे. नियम बदलत राहतात, अ‍ॅडमिशनच्या आधी डीजीसीएच्या साइटवर स्वतः बघा, एजंटाच्या तोंडावर जाऊ नका. खर्च अर्ध्या कोटीच्या आसपास किंवा वर जातो. पाच एकर विकूनही तो निघत नाही आणि विकू पण नका. शिष्यवृत्ती, शैक्षणिक कर्ज, एअरफोर्सचा रस्ता, हे आधी बघा. एअरफोर्समध्ये निवड झाली तर सरकार शिकवते, एनडीएची, म्हणजे सैन्याच्या अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीची, परीक्षा आता मुलींना पण देता येते, आणि त्यासाठी अकरावी-बारावीतच तयारी लागते.

जवळ म्हणाल तर गोंदियाला बिरसी विमानतळावर पायलट ट्रेनिंगची इन्स्टिट्यूट आहे, नागपूरला फ्लाइंग क्लब आहे. आणि विमानाजवळ जायचं म्हणजे पायलटच व्हायचं असं नाही, नागपूरच्या मिहानमध्ये विमानं दुरुस्त करायचं मोठं केंद्र आहे, त्यासाठी एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरिंगचा कोर्स असतो, त्याचा खर्च पायलटपेक्षा पुष्कळ कमी. एअर ट्रॅफिक कंट्रोलची सरकारी भरती पण निघते.

मेडिकल आधी करून घ्या, पैसे भरायच्या आधी, हे मी प्रत्येकाला सांगते. रंग ओळखता येत नसतील तर अडचण येते आणि ते वेळेवर कळलं तर बरं. चष्मा आहे म्हणून घाबरू नका, चष्म्यानं नजर पूर्ण होत असेल तर कमर्शियल लायसन्सला चालते. एअरफोर्सचे नियम त्याहून कडक आहेत, ते वेगळे बघा. कागदपत्रं घेऊन अभ्यासिकेत या, पोरीला सोबत आणा, फॉर्म आपण बसून भरू.